पर्माफ्रॉस्ट किती खोल वितळेल? कोकणात बसून अंदाज काढायची रीत

सैबेरिया, अलास्का, उत्तर कॅनडा, स्वालबार्ड आणि आपल्याकडे लडाखचा उंच भाग इथे जमिनीखाली असा थर असतो की जो सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशाच्या वर येत नाही. त्याला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. त्याच्या डोक्यावरचा थर मात्र दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. हा सक्रिय थर. तापमान वाढलं तर तो किती जाड होईल, हा इथला प्रश्न आहे.

रत्नागिरीत किंवा वेंगुर्ल्यात जमीन कधी गोठत नाही, पण या गणिताला लागणारं सगळं इथे मिळतं. रोजच्या तापमानाची आकडेवारी मोफत आहे, स्प्रेडशीट आहे, आणि पडताळ्यासाठी वाळू नि डीप फ्रीझर आहे. भारताचं ध्रुवीय संशोधनाचं केंद्र तर गोव्यात, वास्कोलाच आहे. स्वालबार्डमधलं हिमाद्री स्थानक २००८पासून त्याच संस्थेमार्फत चालतं.

सूत्र

योसेफ स्टेफान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ध्रुवीय समुद्रावरचा बर्फ किती वेगाने जाड होतो याचं गणित मांडलं. तेच उलट दिशेने वितळण्यालाही लागू पडतं:

खोली = √[ (२ × व × न × अं × ८६४००) ÷ (सु × पा) ]

व म्हणजे वितळलेल्या मातीची उष्णतावहनक्षमता, वॅट प्रति मीटर प्रति अंश. न हा पृष्ठगुणक. अं म्हणजे उन्हाळ्याचे अंश-दिवस. सु ही बर्फ वितळायला लागणारी सुप्त उष्णता, किलोला ३,३४,००० ज्यूल. पा म्हणजे एक घनमीटर जमिनीतलं पाणी, किलोमध्ये. उत्तर मीटरमध्ये येतं.

८६४०० हे दिवसाचे सेकंद. ते विसरलं तर उत्तर २९४ पटींनी लहान येतं, म्हणजे दीड मीटरऐवजी पाच मिलिमीटर. स्प्रेडशीटमध्ये अशी खोली दिसली की दुसरं काही तपासू नका, आधी हेच बघा.

अंश-दिवस

दिवसाचं सरासरी तापमान शून्याच्या वर असेल तर ते जसंच्या तसं धरायचं, खाली असेल तर शून्य धरायचं आणि वर्षभराची बेरीज करायची. एरा५-लँड या जागतिक हवामानाच्या मोफत संचात १९५०पासूनची आकडेवारी साधारण ९ किलोमीटरच्या चौकटींवर मिळते. चौकटीची उंची आणि तुमच्या जागेची उंची यांत फरक असेल तर दर हजार मीटरला ६.५ अंश या हिशेबाने तापमान दुरुस्त करा. सपाट सैबेरियात याने फारसं बिघडत नाही, लडाखमध्ये सगळंच बिघडतं.

मासिक सरासरीवर काम भागतं, पण कडेच्या महिन्यांत फसवणूक होते. एप्रिलची सरासरी उणे असली तरी शेवटच्या आठवड्यात चार-पाच दिवस वर गेलेले असतात, आणि मासिक हिशेबात ते पुसले जातात.

उदाहरणाला सैबेरियातलं याकुत्स्क घेऊ. मे ते सप्टेंबरची सरासरी अंदाजे ७.५, १६.५, १९.५, १५ आणि ६ अंश. महिन्याच्या दिवसांनी गुणून बेरीज केली की सुमारे १९८० अंश-दिवस होतात. याच गावात फ्योदर शेर्गिन या व्यापाऱ्याने १८२८ ते १८३७दरम्यान पाण्यासाठी विहीर खणवली. ११६ मीटरवर जाऊनही जमीन गोठलेलीच होती. तेवढ्या गोठलेल्या जमिनीच्या डोक्यावर वितळणारा थर असतो जेमतेम माणसाच्या उंचीचा.

पृष्ठगुणक

हवेचं तापमान म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान नव्हे. मे महिन्यात दुपारी सड्यावरच्या कातळावर अनवाणी उभं राहा आणि मग शेजारच्या आंब्याखालच्या पाचोळ्यावर. हवा तीच, पण एका जागी पाय भाजतो. न हा गुणक हाच फरक आकड्यात धरतो. दाट झाडी आणि खाली शेवाळ असेल तर ०.४च्या आसपास, शेवाळ काढलेली जागा असेल तर ०.७, गवताळ जमीन १च्या जवळ, खडीचा रस्ता १.३ ते २.

पाणी: इथेच बहुतेक अंदाज चुकतात

नवखा माणूस सगळा जीव तापमानाच्या आकड्यावर लावतो आणि ओलावा कुठल्या तरी तक्त्यातून उचलतो. व्हायला हवं उलट. उन्हाळ्याची बहुतेक उष्णता माती गरम करण्यात नाही, तर बर्फाचं पाणी करण्यात खर्च होते. त्यामुळे जमिनीत बर्फ किती, हे आधी नक्की करा.

ओलावा कोरड्या मातीच्या वजनाच्या टक्केवारीत देतात. नमुना १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत, साधारण २४ तास वाळवायचा. कमी झालेलं वजन भागिले कोरडं वजन. पीटसारख्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात हा आकडा ४०० टक्के येतो. ती चूक नसते. पीट स्वतः हलकं असतं आणि स्वतःच्या वजनाच्या चौपट पाणी धरून बसतं. पा काढताना ही टक्केवारी कोरड्या घनतेने गुणायची. ओल्या घनतेने गुणलं तर पाणी दोनदा मोजलं जातं आणि खोली कमी येते.

आता तीन जागा, हवामान तेच, म्हणजे १९८० अंश-दिवस.

पोयट्याची माती: कोरडी घनता १३००, ओलावा ३० टक्के, म्हणजे पा ३९०. व १.२, न ०.७. उत्तर १.४९ मीटर.

पीट: घनता १५०, ओलावा ४०० टक्के, पा ६००. व ०.४५, न ०.७. उत्तर ०.७३ मीटर. तेच ऊन आणि खोली निम्मी.

कोरडी वाळू: घनता १७००, ओलावा ५ टक्के, पा ८५. व १.३, न १.३. उत्तर ४.५ मीटर. या आकड्यावर विश्वास ठेवू नका. वितळवायला बर्फच फारसा नसल्यामुळे वाळू तापवायला लागणारी उष्णता इथे मोठी ठरते, आणि स्टेफानच्या सूत्रात ती धरलेलीच नाही. ओल्या मातीत हे सूत्र थोडंसंच जास्त सांगतं. उत्तराला ०.८५ ते ०.९५ने गुणलं की काम होतं. कोरड्या, खडकाळ जमिनीत हा गुणक बराच खाली जातो, तेव्हा तिथे सूत्र सोडून थर-थर मोजणारं संगणकीय प्रारूप वापरावं. लडाखच्या दगडी उतारांना हे सूत्र जसंच्या तसं लावू नये, त्याचंही एक कारण हेच.

थर एकावर एक असतील तर

प्रत्यक्षात वर २० सेंटिमीटर पीट आणि खाली पोयटा अशी रचना फार ठिकाणी असते. दोन्हींची सरासरी काढण्याचा मोह टाळा. आधी वरचा थर वितळवा: (सु × पा × जाडीचा वर्ग) ÷ (२ × व × ८६४००). पीटच्या २० सेंटिमीटरला १०३ अंश-दिवस लागतात. अंश-दिवसांना ‘न’ या गुणकाने गुणल्यावर आपल्याकडे १३८६ आहेत, म्हणजे १२८३ उरले. मात्र आता प्रत्येक ज्यूल त्या पीटमधून वाट काढत खाली जाणार. तिचा रोध म्हणजे जाडी भागिले व, ०.२ ÷ ०.४५ = ०.४४. खालच्या थराची जाडी ज धरली तर:

१२८३ = (सु × पा ÷ ८६४००) × (०.४४ × ज + ज² ÷ (२ × १.२))

हे वर्गसमीकरण सोडवलं की ज सुमारे ०.९९ मीटर येते. एकूण १.१९ मीटर. नुसत्या पोयट्यात १.४९ होती, म्हणजे २० सेंटिमीटर पीटने ३० सेंटिमीटर जमीन वाचवली. वणव्यात हा थर जळाला की तापमान तसूभर न वाढताही खोली एकदम वाढते, कारण रोध जातो आणि काळ्या पडलेल्या जमिनीमुळे न सुद्धा वाढतो. म्हणून उपग्रहाच्या चित्रात जळिताचा डाग दिसला तर तुमच्या जागेवर जुने गुणक चालवू नका.

वाळूच्या डब्यात पडताळा

सूत्र कागदावर सोपं वाटतं. ते कुठे मोडतं हे हाताने केल्याशिवाय कळत नाही. आत २० × २० सेंटिमीटर मापाचा थर्माकोलचा खोका घ्या. मासळीचा मोठा खोका नको, भिजलेल्या वाळूने तो ४०-५० किलोंचा होतो आणि फ्रीझरमध्ये जात नाही. नदीची बारीक वाळू ९.६ किलो आणि गोडं पाणी २.४ लिटर. थापटून १५ सेंटिमीटरचा थर बसवा. पा साधारण ४०० येतं. पुळणीची वाळू घेतलीत तर आधी गोड्या पाण्याने तीन-चारदा धुवा. मीठ राहिलं तर ती शून्याला गोठत नाही, आणि गोठलेली कुठे नि वितळलेली कुठे ही सीमाच लगदा होऊन जाते. आर्क्टिकच्या किनाऱ्यावरच्या खारट गाळात सळई खुपसून वितळलेली खोली मोजणाऱ्यांना हीच अडचण येते.

झाकण काढून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये तीन दिवस ठेवा. एका रात्रीत वरून दगड झाल्यासारखी वाटते, पण आतली वाळू ओलीच असते. गोठताना पाणी फुगतं, त्यामुळे पृष्ठभाग पाच मिलिमीटरपर्यंत वर येऊ शकतो. म्हणून पट्टी खोक्याच्या भिंतीला चिकटवा. पृष्ठभागापासून मोजू नका.

बाहेर काढल्यावर खोका नुसता उघडा ठेवला तर प्रयोग फसतो. पहिल्या काही सेंटिमीटरांत वाळूपेक्षा हवेचाच रोध जास्त असतो, त्यामुळे खोली वेळेच्या वर्गमुळाऐवजी जवळजवळ सरळ वेळेच्या प्रमाणात वाढते. शिवाय आपल्या दमट हवेतलं बाष्प गार वाळूवर बसतं आणि आपली उष्णता सोडून जातं. उपाय असा: केकचं सपाट बुडाचं चौकोनी भांडं वाळूवर टेकवा, मध्ये पोकळी राहू नये म्हणून खाली चमचाभर पाणी शिंपडा, आणि भांड्यात नळाचं पाणी भरून ते दर पंधरा मिनिटांनी बदला. बुडाशी एक तापमापक ठेवा. डीएस१८बी२० हा जलरोधक संवेदक पुरतो, पण त्यात अर्ध्या अंशाची चूक असू शकते. आधी बर्फाचा चुरा आणि गोडं पाणी यांच्या काल्यात बुडवून त्याचं शून्य तपासा. बंदरावरचा चुरा वापरलात तर मीठ लागलेला नसावा.

दर अर्ध्या तासाने भांडं उचला, स्वेटरची सुई पाच ठिकाणी टोचा आणि सरासरी लिहा. कडेपासून तीन सेंटिमीटर सोडा, तिथे भिंतीतूनही उष्णता येते. भिजलेल्या वाळूची व सुमारे २ आणि पृष्ठभाग २५ अंश असेल तर ५ सेंटिमीटरला जवळपास एक तास आणि १० सेंटिमीटरला पावणेचार तास, असं सूत्र सांगतं. दुप्पट खोलीला चौपट वेळ. वाळू उणे १८वर होती तर तिला शून्यावर आणायलाही उष्णता जाते, म्हणून दीडपट ते दुपटीपर्यंत उशीर होईल. त्याहून जास्त उशीर झाला तर भांड्याचा टेका तपासा.

नंतर भांड्याखाली काथ्याच्या कोरड्या भुशाचा एक सेंटिमीटर थर देऊन हेच करा. वितळणं कित्येक पटींनी मंदावतं. भुसा भिजवला की वेग पुष्कळसा परत येतो. पीटचंही तसंच आहे. उन्हाळ्यात वरून कोरडं पडून ऊन अडवतं, हिवाळ्यात भिजून गोठलं की थंडी आत सोडतं. बर्फाची वहनक्षमता २.२ आणि पाण्याची ०.६च्या आसपास, त्यामुळे गोठलेली ओली जमीन उष्णता जास्त सहज बाहेर टाकते.

आता तापमान वाढवा

याकुत्स्कच्या उन्हाळ्यात २ अंश मिळवा. १५३ दिवसांचे ३०६ अंश-दिवस वाढले, मोसम दोन्ही टोकांना थोडा लांबला, एकूण २३०० धरू. खोली १.४९वरून १.६० मीटर. अंश-दिवस १६ टक्के वाढले, खोली फक्त ८ टक्के. वर्गमूळ असल्यामुळे असं होतं, आणि ते पाहून बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात. पण आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरसरकारी गटाच्या २०२१च्या अहवालानुसार दर एका अंशाच्या जागतिक तापमानवाढीला वरच्या तीन मीटरमधल्या कायम गोठलेल्या जमिनीचं आकारमान सुमारे २५ टक्क्यांनी घटेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण या सूत्रात हिवाळाच नाही. शिवाय आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतं, त्यामुळे जागतिक २ अंश म्हणजे तिथले २ अंश असं धरू नका.

प्रत्येक जागेसाठी दुसरं गणित करा. हिवाळ्याचे उणे अंश-दिवस × गोठलेल्या मातीची व × बर्फाखालचा गुणक. हा उन्हाळ्याच्या तशाच गुणाकारापेक्षा मोठा असेल तर वितळलेलं सगळं पुन्हा गोठतं. याकुत्स्कला ५१३० × १.९ × ०.४ म्हणजे सुमारे ३९००, विरुद्ध १९८० × १.२ × ०.७ म्हणजे १६६०. भरपूर सवलत आहे.

आता एखादी कमी थंड जागा घ्या, उन्हाळा १८५०, हिवाळा २९००, जाड बर्फामुळे गुणक ०.३. हिवाळा १६५०, उन्हाळा १५५०. काठावर. त्यात वर्षभर २ अंश मिळवले की उन्हाळा १८३० आणि हिवाळा १४२५. हिवाळा हरला. वितळलेल्या थराचा तळ गोठायचा राहतो, पुढच्या उन्हाळ्याला तिथूनच सुरुवात मिळते, आणि मध्ये कायमचा न गोठलेला थर तयार होतो. त्याला तालिक म्हणतात. तिथून पुढे ‘यंदाची सक्रिय थराची खोली’ या आकड्याला अर्थ राहत नाही. स्प्रेडशीटमध्ये हा फरक उणे झाला की त्या ओळीपुढे खोली छापूच नका, ‘तालिक’ लिहा.

बर्फाखालचा गुणक हा यातला सगळ्यात नाजूक आकडा. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच जाड बर्फ पडला तर तो पांघरुणाचं काम करतो आणि थंडी जमिनीपर्यंत पोचतच नाही. म्हणून ०.२, ०.३ आणि ०.४ तिन्हींवर गणित चालवून बघा.

मोजलेल्या आकड्यांशी ताडताना

काल्म या जागतिक जाळ्यात १९९०च्या दशकापासून सक्रिय थर मोजला जातो. नेहमीची पद्धत म्हणजे १०० × १०० मीटरचा चौक, दर दहा मीटरला एक बिंदू, एकूण १२१ बिंदू, आणि उन्हाळा संपताना प्रत्येक ठिकाणी खुणा केलेली पोलादी सळई कठीण लागेपर्यंत खुपसायची. एकाच चौकात शेजारशेजारच्या बिंदूंत दुपटीचा फरक सापडतो, तेव्हा तुमचं एक उत्तर चौकाच्या सरासरीशी ताडा, एका बिंदूशी नको. मोजणीची तारीखही बघा. जुलैच्या शेवटी घेतलेला आकडा पूर्ण मोसमाशी ताडायचा नाही, त्या तारखेपर्यंतचेच अंश-दिवस घ्या. सळई दगडावर अडली की उथळ वाचन येतं. वाळूत आणि दगडगोट्यांत सळईपेक्षा छिद्रात सोडलेले तापमापक भरवशाचे.

आणि एक फसवं प्रकरण. जमिनीत छिद्रांत मावेल त्यापेक्षा जास्त बर्फ असेल तर वितळल्यावर ती जमीन खचते. जादा बर्फ २० टक्के असेल तर १० सेंटिमीटर वितळल्यावर पृष्ठभाग २ सेंटिमीटर खाली जातो आणि सळई ८च दाखवते. याकुतियातल्या येडोमा गाळात तर जमिनीच्या आकारमानाचा निम्म्याहून जास्त भाग बर्फच असतो. तिथे सळईचे आकडे वर्षानुवर्षं जवळपास स्थिर दिसतात आणि जमीन मात्र खाली-खाली जात असते. अशा जागी खोल गोठलेल्या थरात रोवलेल्या नळीच्या माथ्यापासून मोजलेली नोंद शोधा. नसेल तर उपग्रही रडारवरून काढलेली खचण्याची आकडेवारी सळईच्या खोलीत मिळवा.

उत्तर लिहिताना एक आकडा देऊ नका. पा वीस टक्के वर-खाली, न ०.१ वर-खाली, व ०.२ वर-खाली करून सगळ्यात उथळ आणि सगळ्यात खोल अशी दोन्ही टोकं द्या. वरच्या पोयट्याला ती साधारण १.१५ आणि १.९ मीटर येतात. शेजारी कुठल्या वर्षांची तापमानं घेतली, चौकटीची उंची किती होती आणि ओलावा मोजलेला की तक्त्यातला, हेही लिहा.